अध्यक्ष उठेपर्यंत

ज्या संध्याकाळी आमच्या घरी विडा आला, त्या संध्याकाळी माझी भाकरी तव्यावरच करपली आणि सासूबाई मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. एवढ्यावरूनच मला कळलं, की प्रकरण साधं नाही. एरवी भाकरीला एक डाग जास्त पडला तरी ही बाई माझ्या माहेरचा उद्धार करायची. माझं माहेर धावड्याचं, डोंगराच्या कडेचं. तिथल्या बायकांना ज्वारीचं पीठ मळता येत नाही, असं तिचं ठाम मत होतं. त्या दिवशी मात्र ती गुडघे पोटाशी घेऊन चुलीपुढे बसली आणि कोनाड्यातल्या ताटलीकडे बघत राहिली. मीही बघत होते. दोन पानं, सुपारीचं खांड, वर चिमूटभर भंडारा. घरात साप शिरल्यावर त्याच्यावरून नजर काढवत नाही, तशी आमची गत झाली होती.

विडा माझ्या सासऱ्यांसाठी आला होता. गावाला त्यांना अध्यक्ष करायचं होतं.

निजामी राज्याचा तो शेवटचा पावसाळा. शेवटचा, हे आता म्हणायचं. तेव्हा वाटायचं, हे असंच चालत राहणार आणि एक दिवस आपल्या घराचीही पाळी येणार. आमचं गाव वाटूरहून आष्टीकडे जाताना थोडं आडबाजूला, काळ्या रानात. रस्त्यावर लॉरीचा आवाज आला की बायका हातातलं काम टाकून पोरांना आत ओढायच्या. निजामाचे खाकीवाले कुणाच्या दारात उतरतील याचा नेम नव्हता. जवळच्याच एका गावात ज्यानं पुढारपण केलं, त्याला भरल्या ताटावरून उठवून नेलं आणि तो परत आलाच नाही. त्याची बायको म्हणे रोज ते ताट घासून पुन्हा मांडून ठेवायची. हे मी विहिरीवर ऐकलं, आणि त्यानंतर मामांना वाढताना माझा कान रस्त्याकडे लागलेला असायचा. सासऱ्यांना मी मामा म्हणायची. त्यांचा एकुलता मुलगा, म्हणजे आमचे मालक, हद्दीपलीकडे वऱ्हाडात पोचलेल्या माझ्या भावांकडे निघून गेले होते, कारण तरण्या माणसांना आधी उचलत. घरात राहिलो आम्ही तिघं आणि माझी रांगती मुलगी.

पाटील तर बायकापोरांसह केव्हाच हद्दीपलीकडे गेलेले. गावाला डोकं उरलं नव्हतं. मग शाळेच्या मास्तरांनी सुचवलं, की एक समिती करा, पहारे वाटून घ्या आणि एक अध्यक्ष निवडा. अध्यक्ष हा शब्दच गावात नवा होता. त्याचं काम काय, हे कुणालाच धड माहीत नव्हतं. पण कोण असावा, हे सगळ्यांना लगेच कळलं.

मामा हैदराबादच्या घोडदळात होते. पहिल्या मोठ्या लढाईत मिसर देशापर्यंत जाऊन आलेले. जमादार म्हणून घरी आले, आणि गावानं आपल्या अधिकारात बढती देऊन त्यांना रिसालदार करून टाकलं. पाठ ताठ, मिशा ताठ, आणि सकाळी उठले की अंगावरच्या वाकळेची अशी घडी घालायचे, की घरातल्या बाईला शरम वाटावी. भावकीत काठ्या निघाल्या की लोक मामांना बोलवायचे. ते यायचे, नुसते उभे राहायचे, आणि आरडाओरडा थांबायचा. माणूस लढाई बघून आलाय, त्याला भीती ठाऊक नाही, मग दुसरा कशाला शोधायचा, असं गावाचं म्हणणं.

विहिरीवर मात्र दोन मतं होती. एकजण म्हणाली, "फौजीच पायजे बाई. बाकीचे आपले धोतर सावरता सावरता पळतेत." दुसरी म्हणाली, "फौजीला हुकूम सोडता येतो, गाव चालवता येत न्हाई. हितं बैलसुदिक हुकूम ऐकत न्हाई, तर मानसं ऐकतेत व्हय?" तिसरीनं हळूच सांगितलं, की त्यांनी सरकारचं मीठ खाल्लंय, उद्या ते कुणाच्या बाजूनं उभे राहतील कुणास ठाऊक. मी घागर भरून निघाले. मला एवढंच दिसत होतं, की अध्यक्षाचं घर म्हणजे लॉरी थांबायचं घर.

आमच्या गावची रीत अशी होती. गावाचं कुठलंही जोखमीचं काम असलं, की वेशीजवळच्या पारावर देवाच्या दगडापुढे विडा ठेवायचा. मग ज्याच्यावर गावाचं मन बसलं असेल, त्याच्या घरी तो विडा संध्याकाळी ताटलीतून येतो. सकाळी त्या माणसानं विडा तोंडात घातला, की काम त्याचं. नको असेल तर उजाडायच्या आत विडा पारावर परत गेला पाहिजे. मग तो दुसऱ्याच्या घरी जातो, आणि पहिल्याला का म्हणून कुणी कधी विचारत नाही. पण परत न्यायचा तो घरातल्या बाईनंच. पुरुषानं नेला तर त्यात त्याचा कमीपणा. बाईनं नेला तर घरचे नको म्हणाले, एवढ्यावर भागतं. पुरुषांची अब्रू झाकायला आमचा पदर कसा अगदी हाताशी असतो.

मामांनी नाही म्हटलं, तर विडा पाटलाच्या पुतण्याकडे जाणार हे ठरलेलं होतं. तिशीतला गडी, अंगानं दांडगा. खाकीवाल्यांनी त्याच्या मळ्यातली कडब्याची गंजी जाळली होती. तेव्हापासून तो बाजारात उघड बोलायचा, की एकदा आपले दिवस येऊ द्या, सुरुवात गावातूनच करतो. गावात मुसलमानाचं घर एकच होतं, पिंजाऱ्याचं. त्यानं पिंजलेल्या कापसाच्या गाद्यांवर गावातली निम्मी पोरं जन्माला आली होती, पुतण्यासुद्धा.

त्या संध्याकाळी मामा करपलेली भाकरी न बोलता जेवले. पाणी प्यायले. मग म्हणाले, "फौजेत एक बोलतो आन् समदे ऐकतेत. सभेत समदे बोलतेत आन् एकानं ऐकायचं असतं. मला ते येत न्हाई."

"मंग न्हाई म्हना," सासूबाई म्हणाल्या.

"आन् ज्या सरकारापुढं हात वर करून शपथ घेतल्ती, त्याच सरकारचे लोक आता गावं जाळून राह्यलेत. त्याच्याविरुद्ध पहारे लावायचे, ही बी हरामखोरीच की."

"म्हनून तर म्हंते, न्हाई म्हना."

मामांनी मिशीवरून हात फिरवला. "सकाळी बघू," म्हणाले आणि बाजेवर जाऊन पडले.

सासूबाईंनी माझ्याकडे वळून आवाज खाली आणला. "पहाटं उठ. ताटली पदराखाली घे, पारावर ठिव आन् सरळ घरी ये."

"मामांना विचारायचं न्हाई?"

"बायकांच्या कामात त्यांना काय विचारायचं?"

मला इतकं हलकं वाटलं, की मी त्या बाईच्या पाया पडायचीच बाकी राहिले. या घरात आल्यापासून तिचं आणि माझं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

पहाटे आभाळ नुसतं राखेच्या रंगाचं झालं होतं तेव्हा मी निघाले. ताटली पदराखाली घट्ट धरली होती. चिखलात पाय वाजला की माझा मलाच धसका बसायचा. भीती काय एकच होती? कुत्र्यांची होती, लॉरीची होती, आणि वाटेत कुणी भेटलं तर रिसालदारांची सून विडा परत करायला निघाली हे दिसेल, याचीही होती. पार दिसला तेव्हा वाटलं, संपलं. आता ताटली ठेवायची, घरी जायचं, पोरीला पाजायचं.

पाराच्या पायरीवर कुणीतरी बसलं होतं.

"मी हाय बेटी," ती म्हणाली. पिंजाऱ्याची बायको. आम्ही सगळ्या तिला चाची म्हणायचो. ओढणी डोक्यावरून घट्ट ओढून, हात मांडीवर ठेवून बसली होती.

"चाची, हितं काय करून राह्यलीस?"

"तुझीच वाट बघून राह्यले. विडा वापस येनार असला तर याच वख्ताला येनार, हे मला म्हाईत न्हाई व्हय? म्या बी याच गावात म्हातारी झाले."

मी ताटली पदराखालून बाहेर काढली नाही. ती म्हणाली, "तुमच्या घरानं न्हाई म्हनलं, तर विडा कुनाकडं जाईल?"

उत्तर दोघींना माहीत होतं.

"खाकीवाले आमच्याकडं बी आल्ते," ती म्हणाली. "म्हनले, आमच्यात ये. पोरांच्या बापानं हात जोडले, न्हाई म्हनला. तवापासून तिकडचे गद्दार म्हंतेत, आन् हिकडचे दुश्मन म्हंतेत. आमी जावं तरी कुठं?"

"माझंबी लेकरू हाय चाची," मी म्हणाले.

"हाय की. म्हनून तर मी तुला ठिव बी म्हनत न्हाई आन् नको ठिवू बी म्हनत न्हाई. बिलकुल न्हाई. तू ठिव आन् जा. मी निस्ती हितं बसले."

मला तिचा इतका राग आला! ती रडली असती, पाया पडली असती, तर मी मन घट्ट करून ताटली ठेवली असती. माझ्या घराचं मला बघायला नको? पण ती नुसती बसली होती आणि बघत होती. मी दगडापर्यंत गेले. ताटली काढली. हात पुढे केला. पाठीवर तिची नजर मला कळत होती. दगडाला वाहिलेला कालचा भंडारा ओला होऊन ओघळला होता, त्याच्याकडे बघत मी किती वेळ उभी राहिले कोण जाणे. पूर्वेला उजळायला लागलं. मग मी ताटली पुन्हा पदराखाली घेतली आणि घरची वाट धरली. धाडस वगैरे काही नव्हतं ते. ती बघत असताना मला ताटली ठेवता येईना, एवढंच खरं आहे.

दारात सासूबाई उभ्या होत्या. माझ्या हातात ताटली बघून त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "कालची भाकरी करपली ती करपली, आज घर जाळलंस," म्हणाल्या.

मामा बाजेवर बसलेले होते. वाकळेची घडी घालून झाली होती. त्यांनी ताटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. ती नजर मला तेव्हा समजली नाही. मला वाटलं, रागावले. चूळ भरून ते आले, विडा उचलला आणि तोंडात घातला. सुपारी त्यांच्या दातांवर कटकट वाजत होती. मी मनात म्हटलं, सुपारी फारच कडक दिसते.

असे मामा अध्यक्ष झाले.

पहिल्या सभेची गंमत गावात कितीतरी दिवस पुरली. सभेत मुख्य माणसाला बसायला घोंगडं अंथरतात, आणि घोंगड्यावरचा माणूस उठल्याशिवाय सभेतल्या कुणी उठायचं नाही, ही जुनी रीत. मामांना ती ठाऊक नव्हती; तरुणपण सगळं फौजेत गेलेलं. पहारे वाटून झाले, विषय संपले. मामा ताठ बसून लोक उठायची वाट बघत होते आणि लोक मामांची. म्हातारी माणसं मांड्या आवळून बसली, चुळबुळ करायला लागली. शेवटी धनगरवाड्यातला सगळ्यात वयस्कर म्हातारा कळवळून म्हणाला, "रिसालदार साहेब, तुमी उटा, न्हाई तर हितंच बसल्या जागी व्हईल बगा." सगळी सभा हसली. मामा घरी येऊन सासूबाईंना म्हणाले, "अध्यक्षाला एकच हुकूम असतो, उठायचा. तेवढा आज शिकलो."

हसण्यासारखं पुढे फार काही नव्हतं. खाकीवाले एकदा आलेच. लॉरी आमच्या दारात थांबली. मी पोरीचं तोंड छातीशी दाबून कणगीच्या मागे बसले. पोर गुदमरेल अशी भीती, आणि हात सैल केला तर रडेल अशीही भीती. बाहेर मामा जुना फौजी कोट घालून उभे राहिले आणि त्यांच्याशी उर्दूत बोलले. काय बोलले ते मला कळलं नाही. थोड्या वेळानं लॉरी सुरू झाल्याचा आवाज आला. जाताना एकजण ओरडला, "बुढ्ढे, याद रख!" हे शब्द मात्र मला बरोबर कळले, आणि त्यानंतर कितीतरी दिवस भाकरी थापताना ते माझ्या कानात वाजत राहिले.

मग भाद्रपदात हद्दीपलीकडची फौज संस्थानात आली. गौरी-गणपती उरकले होते, रानात मूग तोडणीला आला होता. काही दिवसांतच सगळं फिरलं. खाकीवाले पळाले, कुणी मारले गेले, कुणी पकडले गेले. लोकांनी गूळ वाटला. मीही खाल्ला. वाटलं, आता भ्यायचं काम संपलं. पण भीती गेली नव्हती, तिनं फक्त घर बदललं होतं. आता ती पिंजाऱ्याच्या घरी राहायला गेली. त्याच्या कापूस पिंजायच्या धुनकीचा आवाज बंद पडला. आजूबाजूच्या गावांतून मुसलमानांची घरं जळाल्याच्या बातम्या यायला लागल्या. जाळणारे हात तेवढे बदलले होते.

एका सकाळी पुतण्या आमच्या दारावरून गेला. त्याच्याबरोबर चार टाळकी होती. जाताना मामांकडे बघून म्हणाला, "तात्या, आज तुमी घरातच बसा. वयस्कर मानसानं कशाला तरास घ्यावा?" त्याचा आवाज अगदी गोड होता.

मामांनी अंगावर कोट घातला नाही. घोंगडं काखेत मारलं आणि मला म्हणाले, "सूनबाई, पान्याची घागर घेऊन पिंजाऱ्याच्या घरी ये." सासूबाई काही बोलायच्या आत ते उंबऱ्याबाहेर पडलेही. मी पोर सासूबाईंच्या ओटीत टाकली आणि मागोमाग गेले. घागर अर्धीच भरली, कारण भरलेली मला उचलवली नसती.

मामांनी पिंजाऱ्याच्या ओट्यावर, त्याच्या दाराला पाठ लावून घोंगडं अंथरलं. बसले. आणि दवंडी पिटायला माणूस धाडला, की अध्यक्षांनी सभा बोलावली आहे, घरटी एक माणूस ताबडतोब हजर.

सभा म्हटल्यावर लोक आले. यावंच लागलं. पुतण्याही आला, कपाळाला आठ्या घालून. मी आत होते, चाची आणि तिच्या पोरांजवळ. पिंजारी कोपऱ्यात कापसाच्या ढिगाला टेकून बसला होता. दाराच्या फटीतून मला मामांची पाठ दिसायची. आणि मांडीवर ओढून घेतलेल्या घोंगड्याच्या पदरात खुपसलेला त्यांचा एक हात कडेनं दिसायचा. तो हात थरथरत होता. पाठ मात्र बिलकुल हलत नव्हती.

सभेत पहिला विषय निघाला विहिरीच्या दोराचा. दोर कुणी वळायचा, कुणाचा किती वाटा. मग कोंडवाड्याची भिंत. मग कुणाच्या शेळीनं कुणाचा मूग खाल्ला. आयुष्यात कधी न ऐकलेल्या तक्रारी मामा उकरून काढत होते. उन्हं वर आली. पुतण्या म्हणाला, "सभा झाली असंल तर उटावं आता."

"अजून विषय हायेत," मामा म्हणाले.

पुतण्या अर्धवट उठला. धनगरवाड्यातल्या म्हाताऱ्यानं त्याच्या धोतराला हात घातला. "बूड टेक. अध्यक्ष अजून उटले न्हाईत."

तो बसला. आपल्या गावातल्या लोकांपुढे त्याला रीत मोडवेना. मी आत चाचीचा हात धरून बसले होते. कुणाचा हात गार पडला होता, तिचा की माझा, ते काही सांगता येणार नाही.

दुपार कलल्यावर ज्याची धास्ती होती ते झालं. शेजारच्या गावची माणसं आली. काठ्या, कुऱ्हाडी, आणि एकाच्या हातात रॉकेलचा डबा. पुतण्याशी त्यांचं आधीच ठरलेलं असणार. रॉकेलचा वास फटीतून आत आला आणि चाचीनं धाकट्याचं नाक आपल्या ओढणीत झाकलं. मला माझी पोर आठवली, लॉरीच्या दिवशीची, कणगीमागची. मी देवाचं नाव घ्यायला गेले तर एकही नाव आठवेना.

"हितं काय चाललंय?" बाहेर कुणीतरी दरडावलं.

"सभा," मामा म्हणाले. "या. बसा."

"आमी बसाया न्हाई आलो."

"पाव्हने, बसा," धनगराचा म्हातारा सरकून जागा करत म्हणाला. "उभ्या मानसानं सभेत बोलू न्हाई."

ते घुटमळले. सगळं गाव खाली बसलेलं, आपण तेवढे उभे, हे त्यांना अवघड वाटलं असावं. एकजण बसला. मग दुसरा. डबेवाला डबा मांडीवर घेऊनच बसला. आणि एकदा बसले, म्हणजे तेही सभेत आले.

मामांनी त्यांना विचारलं, की बोला, तुमचं म्हणणं काय आहे. ते एकदम बोलायला लागले. मामा म्हणाले, "एकेकानं." मग एकेकजण बोलला. कुणाचं घर जळालं होतं, कुणाचे बैल नेले होते. डबेवाला सगळ्यात शेवटी बोलला. त्याच्या भावाला खाकीवाल्यांनी भरल्या ताटावरून उठवून नेलं होतं. भावजय अजून ताट मांडते, असं तो म्हणाला, आणि डब्यावर डोकं ठेवून पोरासारखा रडला. हेच ते ताट, जे मी विहिरीवर ऐकलं होतं. आत बसून मीही रडले. चाचीही रडली. मामांनी मध्ये एकदाही कुणाला तोडलं नाही. ज्या माणसाला सभेत ऐकता येत नव्हतं, तो दिवसभर ऐकत होता.

दिवे लागायच्या सुमाराला रस्त्यावर गाडी वाजली. जुन्या सवयीनं सगळ्यांनी माना आत ओढल्या. पण ती नव्या फौजेची होती. अंमलदार उतरला, सभा बघितली, डबा बघितला. काही वेळ बोलला, आणि दोन शिपाई पारावर ठेवून पुढे गेला. शेजारगावची माणसं मान खाली घालून मामा उठायची वाट बघायला लागली.

"सभा संपली," मामा म्हणाले.

पण ते उठले नाहीत. लोक वाट बघत बसले. पुतण्याही बसून राहिला. मामा घोंगडं मांडीवर धरून तसेच. मग म्हणाले, "मी उटलो असं समजा. जा आता." लोकांना वाटलं, रिसालदार थट्टा करतात. हसत हसत उठले. जाताना कुणीतरी म्हणालं, "ह्या मानसाला भीती म्हंजी काय, ते ठावंच न्हाई."

ओटा रिकामा झाल्यावर मामांनी मान न वळवता हाक मारली. "सूनबाई, घोंगडं आवळून धर." मी बाहेर गेले. त्यांचं धोतर ओलं झालं होतं. सकाळपासून ते जागचे हलले नव्हते. मी एका बाजूनं धरलं, चाचीनं दुसऱ्या बाजूनं. दोघींनी त्यांना घोंगड्यात गुंडाळून उभं केलं आणि अंधार पडायची वाट न बघता मागच्या बोळानं घरी आणलं. चाची सबंध वाटेत त्यांचं ओझं आपल्याकडे घेत होती.

सासूबाईंनी पाणी तापवलं. मी मामांच्या पायांवर पाणी ओतत होते तेव्हा ते खाली बघत म्हणाले, "त्या राती मी घटकाभर बी निजलो न्हाई. सूनबाई विडा नेऊन ठिवंल, सूनबाई विडा नेऊन ठिवंल, एवढाच देवाचा धावा करून राह्यलो व्हतो. तू ताटली घेऊन माघारी आली, आन् माझ्या पोटात गोळा आला."

"मामा, मग मला बोलला का न्हाई?"

"कसा बोलू? रिसालदार हाय ना मी."

तेव्हा मला ती सकाळची नजर समजली, आणि सुपारीची कटकटही. मी तांब्या तसाच धरून उभी राहिले. सासूबाई म्हणाल्या, "पानी गार व्हतंय," आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या.

पिंजाऱ्याचं घर वाचलं. गाव मात्र त्याला पुन्हा आपलं वाटलं नाही. रोज सकाळी पुतण्या दारावरून जायचा, राम राम घालायचा, आणि पोरं आत पळायची. राम राम ऐकून पोरं पळत असतील, तर तिथं कसं राहायचं? थंडी पडली, गाद्या भरायचे दिवस आले, आणि गावाला धुनकीचा आवाज काही आला नाही. एका पहाटे ते बैलगाडीत सामान घालून नातेवाइकांकडे निघून गेले. चाची मला भेटायला आली नाही. आमच्या ओट्यावर एक लहान गादी मात्र ठेवलेली होती, माझ्या पोरीच्या मापाची.

पुढे आमचे मालक परत आले, नवं राज्य बसलं, आणि आसपासच्या गावांची मिळून मोठी समिती करायचं ठरलं. त्यालाही अध्यक्ष हवा होता. गावोगावची माणसं म्हणायला लागली, असा निधड्या छातीचा माणूस असताना दुसरा शोधायचा कशाला? एका संध्याकाळी विडा पुन्हा आमच्या कोनाड्यात आला. या वेळी ताटली पितळी होती. मालकांना आनंद झाला. ते म्हणाले, आता कसली भीती, आता आपलंच राज्य आहे. मामा जेवता जेवता थांबले, माझ्याकडे त्यांनी एकदा बघितलं आणि पुन्हा खाली मान घालून जेवायला लागले.

पहाटे मी उठले. कुणाला विचारलं नाही. सासूबाई जाग्या होत्या, त्यांनी कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. मी ताटली पदराखाली घेतली नाही, हातात उघडी धरली आणि पिंजाऱ्याच्या घरावरून गेले. दाराला कुलूप होतं, ओट्यावर कुणाचा तरी कडबा रचून ठेवलेला होता.

पारावर जाऊन विडा देवाच्या दगडापुढे ठेवला. या वेळी हात अडखळला नाही. वळून पायरीकडे बघितलं. तिथं कुणी बसलेलं नव्हतं.